दूध निवेपर्यंत

आमच्या शाळेच्या फळ्यावरचा सुविचार मी लिहिते. माझं अक्षर मोठं आहे, आणि सगर बाई म्हणतात की आवाज त्याहून मोठा आहे. यंदा बाईंनी पुस्तकातले सुविचार बंद केले. म्हणाल्या, "थोर माणसांना जरा सुट्टी द्या. काल तुमच्या डोळ्यांसमोर काय घडलं? टँकरवर, दुकानात, बसमध्ये? त्यातून एक चांगली गोष्ट शोधा आणि एका ओळीत लिहा."

सगळा वर्ग खाली मान घालून बसला. मी हात वर केला.

मागच्या वर्षी मी हात वर करणारी मुलगी नव्हते. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पाण्यावर बोलले, ढाल मिळाली, आणि तेव्हापासून माझं तोंड मिटत नाही असं आईचं म्हणणं आहे. तर मी शोधायला लागले, आणि लई मजा यायला लागली! टँकरवर छबुबाईनं आपला दोर दुसरीला दिला, की माझी ओळ तयार. कंडक्टरनं मागं वळून बघितलं म्हणून पळत येणाऱ्या म्हातारीला बस मिळाली, की झाली दुसरी ओळ. आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. विहिरी आटल्यात, पिकं गेलीत, झाडांवर धूळ आहे, पण माझ्या ओळी काही आटत नव्हत्या. मला वाटायचं, जगात रोज काहीतरी माझ्यासाठीच घडतंय.

त्यात पप्पांना बीडला जावं लागलं. माझे पप्पा, शहादेव, गावच्या दूध सोसायटीचे सचिव आहेत. सोसायटी म्हणजे एक पत्र्याची खोली, एक वजनकाटा आणि दूध न्यायला येणारा सटवाचा टेम्पो. दुष्काळात सोसायटीनं जनावरांसाठी उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणून वाटायला सुरुवात केली होती. ते सरकारी मदतीत बसवून घ्यायला पप्पा ऑफिसात चकरा मारणार होते. दूध घ्यायचं काम तेवढे दिवस माझ्याकडं आलं.

पप्पांनी मला डिग्री लावायला शिकवलं. डिग्री म्हणजे काचेची कांडी, ती दुधात सोडायची. दूध चांगलं असलं की वर तरंगते, पातळ असलं की खोल बुडते. तिच्यावरचा आकडा वाचायचा. सव्वीसच्या खाली आला की दुधात पाणी. आता हे काय अवघड आहे? पप्पा चप्पल घालता घालता आणखी काहीतरी सांगत होते. मी म्हणाले, "कळलं पप्पा, कळलं! जावा, तुमची बस चुकंल."

पहिले काही दिवस झकास गेले. सगळे मला "डेअरीच्या मॅडम" म्हणायला लागले.

मग ती सकाळ आली. त्या दिवशी टँकर आला होता, त्यामुळं बायका तिकडं आणि डेअरीवर गर्दी कमी. सगळ्यांचं दूध घेऊन झालं, सटवा हॉर्न वाजवायला लागला, आणि मनकर्णा मावशी पळत आल्या.

मावशी आमच्याच गल्लीतल्या, विहाराच्या मागं घर. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन लांब दिलेली. घरात त्या आणि भुरी नावाची म्हैस. लहानपणी मी पडले की आईच्या आधी त्यांच्याकडं रडत जायचे. त्या दिवशी त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, टँकरवरून घागरी वाहिल्याचं. किटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"थांब रं सटवा! टँकरपायी धार काढायला उशीर झाला. घे गं आमू, पटकन."

मी दूध मोजायच्या उंच नळीत घेतलं, डिग्री सोडली. ती बुडाली. बुडतच गेली. तेवीस.

मी तेव्हा हळू बोलू शकले असते. "मावशी, जरा इकडं या" म्हणू शकले असते. पण रांगेतले चार-पाच जण अजून कट्ट्यावर बसले होते, आणि माझ्या डोक्यात एकच आलं: ह्या आपल्या गल्लीतल्या आहेत. उद्या कुणी म्हणायला नको की शहादेवची पोरगी आपल्या माणसांचं झाकते. म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. स्पर्धेत बोलले होते त्याच आवाजात.

"मावशी, या दुधात पाणी आहे."

"काय म्हनलीस?"

"पाणी आहे. तेवीस आलीय डिग्री."

"आगं, पानी हाय कुठं घालायला? दोन घागरी मिळाल्यात, त्यातली एक भुरीला पाजली."

कट्ट्यावरून कारभारी नाना बोलले. नानांना कुणाचंही काहीही सापडलं की दिवस चांगला जातो. "मनकर्णे, टँकरबी आजच आला अन् दूधबी आजच पातळ झालं व्हय? लुगडंबी वलं दिसतंय. म्हशीला आंघोळ घातली का दुधाला?"

सगळे हसले. मीही हसले. हे मला आत्ता लिहिताना सुद्धा खोडावंसं वाटतंय, पण हसले.

"डिग्री खोटं बोलत नाही, मावशी," मी म्हणाले.

शेजारच्या किराणा दुकानातून वैजिनाथ अप्पा आले. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांनी आकडा बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आपलं-परकं बघितलं न्हाई पोरीनं. मनकर्णाबाई, मीटिंग होईपतोर तुमचं दूध बंद. अन् नियम तुमाला ठावं हाय, दूध न्हाई तर वाढं न्हाई."

मावशींनी किटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते नीट बसेना. मग तसंच हातानं दाबून धरलं आणि त्या गेल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: "खरं बोलताना समोर कोण आहे हे बघू नये." बाईंना इतकं आवडलं की त्यांनी परिपाठात मला ते वाचायला लावलं. टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, हे आठवडाभर पुसू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डिग्री धुवायला म्हणून घरी आणली होती. धुतलीच नाही, आईला शिकवत बसले. आमच्या घरी एक गाय आहे. आई नुकतीच धार काढून आली होती, भांड्यावर फेस होता. मी ऐटीत कांडी सोडली.

चोवीस.

"आई, तू दुधात पाणी घातलंस?"

"म्या? घरी प्यायच्या दुधात? येडी का खुळी तू?"

"मग चोवीस कशी आली?"

"गायीनंच घातलं आसंल," आई म्हणाली आणि हसत भाकरी थापायला बसली. "जा, दे तिला तुझं भाषन."

मी कांडी पुसली, परत सोडली. चोवीस. म्हटलं कांडी बिघडली. भांडं तसंच ठेवून मी अभ्यासाला बसले. आईच्या सगळ्या भाकरी झाल्या. जेवायच्या आधी सहज म्हणून परत डिग्री लावली.

अठ्ठावीस.

तेच दूध. कुणी हात लावला नव्हता. फक्त निवलं होतं.

आणि तेव्हा मला पप्पांचं ते वाक्य ऐकू आलं. चप्पल घालता घालता ते म्हणत होते, "अन् ध्यानात ठेव, आत्ता काढलेलं कोमट दूध आसलं तर बाजूला ठेव. निवू दे, मग लाव. कोमट दुधात डिग्री खोटी बसती." बाकीच्यांचं दूध रांगेत उभं राहून निवायचं. मावशी धार काढून पळत आल्या होत्या. किटली छातीशी होती. मी ती हातात घेतली तेव्हा ती गरम लागली होती मला. हाताला कळलं होतं. डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं, कारण डोकं शाब्बासकीची वाट बघत होतं.

"जेवत कावून न्हाईस गं?" आईनं विचारलं.

"पोटात दुखतंय."

खोटं नव्हतं ते.

तरी मी दुसऱ्या दिवशी काही बोलले नाही. मी स्वतःला किती कारणं दिली! मीटिंग होईलच. पप्पा येतीलच. आत्ता बोलले तर पप्पांना बोल लागेल, पोरीच्या हातात काम दिलं म्हणून. म्हणजे माझी भीती मी पप्पांच्या नावावर खपवत होते. डेअरीवर कारभारी नाना मला "डिग्रीवाली" म्हणाले, लई खुशीत, आणि माझ्या अंगावर काटा आला. शाळेत गेले तर फळ्यावर माझंच अक्षर, एवढं मोठं, की शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं. रोज मला जागोजागी चांगलं काहीतरी सापडायचं. आता कुठंही बघितलं तरी किटलीवर न बसणारं ते झाकण दिसत होतं. शाळा सुटल्यावर वाढं वाटत होते, तिथं मावशी रांगेच्या बाहेर उभ्या होत्या. मागत नव्हत्या. जमिनीवर पडलेली पानं वेचून पदरात घेत होत्या. मी दुसऱ्या वाटेनं घरी गेले.

घरी आई शेजारणीशी बोलत होती. "मनकर्णा उद्या भुरीला बाजारात नेतीय म्हनं. वाढं बंद झालं, काय खाऊ घालनार? ती म्हैस गेली की बाई एकटीच राहिली बघ त्या घरात."

मी दप्तर टाकलं आणि गेले.

मावशी अंगणात भुरीच्या शिंगांना तेल लावत होत्या. बाजारात न्यायच्या आधी लावतात तसं. भुरी डोळे मिटून उभी होती. तिला वाटत असेल, आज आपले लाड चाललेत.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. बस."

त्या उठल्या आणि आत जाऊन अर्धा तांब्या पाणी घेऊन आल्या. टँकरचं पाणी. घरी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणजे द्यायचंच, दुष्काळ असो नाहीतर काही असो. नाही म्हणता येत नाही. मी ते प्यायले. इतकं जड पाणी मी कधी प्यायले नव्हते.

मग सगळं सांगितलं. गायीचं दूध, चोवीस, अठ्ठावीस, पप्पांचं वाक्य. रडत सांगितलं. मला वाटलं होतं, मावशी चिडतील किंवा जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या शिंगाला तेल चोळत राहिल्या.

"हे मला कशाला सांगतीस?" म्हणाल्या. "माझ्या दुधात पानी न्हवतं हे मला ठावंच हाय की. ज्यांच्या म्होरं बोललीस त्यांच्या म्होरं सांग."

"सांगते. पण तुम्ही भुरीला नेऊ नका."

"तू सांगशील तवा सांगशील. तिला रोज खायाला लागतं."

सकाळी मी सगळ्यांच्या आधी डेअरीवर होते. रात्रभर मी एक योजना केली होती आणि मला ती फार हुशारीची वाटत होती. कारभारी नानांचं घर डेअरीला लागून, त्यामुळं त्यांचं दूध गरमच असतं, पण ते गप्पा मारत रांगेत शेवटी उभे राहतात. मी म्हणाले, "नाना, आज तुमचं आधी."

नाना मिशीवर हात फिरवत पुढं आले. मी डिग्री सोडली आणि सगळ्यांना दिसेल अशी नळी धरली.

"चोवीस."

टेम्पोतून सटवा फस्सकन हसला.

"बे सटव्या, दात काय काढतो? कोनाच्या दुधात पानी? माझ्या? आमच्या सात पिढ्यांत कुनी..."

"नाना, थांबा. दूध जरा निवू द्या."

"मला जायचंय पुढच्या गावाला," सटवा म्हणाला.

"थांबा म्हणाले ना मी!"

सगळे थांबले. नाना नळीपाशी उभे राहून कुणी हात लावतंय का बघत होते. बाकीचे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. थोड्या वेळानं मी परत डिग्री लावली. सत्तावीस.

"बघा!" नाना ओरडले. "म्या काय म्हनलो व्हतो?"

मग मी सुरू झाले. "तर यावरून आपल्याला असं दिसून येतं, की कुठलाही पदार्थ गरम असताना त्याची घनता कमी असते. त्यामुळं कोमट दुधात डिग्री जास्त बुडते, आणि मोजणाऱ्याचा गैरसमज होण्याची शक्यता..."

बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय करतेय ते. मी भाषण करत होते. सगळं बरोबर होतं त्यात, फक्त मनकर्णा मावशी नव्हत्या आणि मीही नव्हते. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर टाळ्यासुद्धा पडल्या असत्या.

रांगेतून छबुबाई म्हणाली, "आमू, ते घनता-फिनता राहू दे गं. मनकर्णाच्या दुधात पानी व्हतं का न्हवतं?"

माझा तो ढाल मिळवलेला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"नव्हतं."

"मंग तसं म्हन की."

"नव्हतं पाणी. दूध कोमट होतं. पप्पांनी सांगितलं होतं निवू दे म्हणून, मी ऐकून घेतलं नाही. चूक माझी आहे. मावशींची नाही, पप्पांचीही नाही."

कुणी शाब्बास म्हणालं नाही. ते बरं झालं. वैजिनाथ अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "शहादेवनं लेकराच्या हातात हे काम द्यायलाच नको व्हतं." ते वाक्य मी गिळलं. मग खाली बघत ते म्हणाले, "म्याबी आकडाच बघितला त्या दिशी. किटलीला हात लावून न्हाई बघितला." आणि मोठ्यानं, "मनकर्णाबाईचं दूध चालू. वाढंबी आजपासून."

"पर ती तर गेली बाजाराला," छबुबाई म्हणाली. "दिस उगवायच्या आतच."

मी सटवाकडं बघितलं. त्यानं टेम्पोचं दार उघडलं. "बस. माझी वाट तीच हाय."

घाटाच्या पायथ्याला त्या दिसल्या. पुढं मावशी, मागं भुरी, शिंगं उन्हात चमकत होती. मी टेम्पो पुरता थांबायच्या आत उतरले आणि पडता पडता राहिले.

"मावशी! सांगितलं! सगळ्यांसमोर सांगितलं. वाढं चालू झालंय. चला घरी."

मावशी थांबल्या, पण वळल्या नाहीत. दावं हातातच होतं. "कोन कोन व्हतं?"

"छबुबाई, अप्पा, सटवा, सगळी रांग. कारभारी नाना..."

"कारभारी व्हता?"

"त्यांच्याच दुधाला आधी डिग्री लावली. चोवीस आली. मग ते सात पिढ्या मोजायला लागले."

मावशींच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं नव्हतं. त्यांनी भुरीच्या मानेवर हात ठेवला, दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हैस वळवली. भुरीला वळायला वेळ लागतो. ती आधी विचार करते.

आम्ही दोघी गावापर्यंत चालत आलो. मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सारखं क्षमा मागत राहणं हेसुद्धा त्यांच्याकडून काहीतरी मागणंच होतं, एवढं मला त्या वाटेवर कळलं. मी फक्त भुरीच्या मागून चालत राहिले, तिनं वाट सोडली की हटकत.

शाळेला उशीर झाला. वर्गात शिरले ती थेट फळ्याकडं गेले आणि माझी ओळ पुसली. बाई म्हणाल्या, "अगं, आठवडा कुठं झालाय? आणि आजची ओळ?"

"आज नाही, बाई. लिहावं असं अजून घडलेलं नाही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

संध्याकाळी डेअरीवर मावशी आल्या. मी किटली घेतली. गरम होती. मी ती कट्ट्यावर सावलीत ठेवली आणि शेजारी बसले. मावशी दुसऱ्या बाजूला बसल्या. मध्ये किटली.

सटवानं हॉर्न वाजवला. "आजून किती येळ?"

"निवेपर्यंत," मी म्हणाले.

कुणी कुरकुरलं नाही. कारभारी नानांनी तंबाखू मळायला घेतली. मी मध्ये मध्ये किटलीला हात लावून बघत होते. मावशी समोरच्या उघड्या डोंगराकडं बघत होत्या. एकदा त्यांनी पदर सारखा केला. मला बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. ज्या मुलीला कुणाला क्षणभर थांबायला सांगता आलं नव्हतं, तीच आता सगळ्या गावाला थांबवून बसली होती.

शेवटी किटली हाताला गार लागली. मी दूध ढवळलं, नळीत घेतलं, डिग्री सोडली. ती बुडाली, वर आली, हलली, आणि थांबली. मी आकडा बघितला. मग हळूच, फक्त मावशींना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकोणतीस."

मावशी उठल्या. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी सांगितलं व्हतंस तसं."

मी उभी राहिले. आवाज फाटला, पण निघाला.

"मनकर्णा मावशी, एकोणतीस!"